डिले कोणाच्या खात्यात

संस्थेच्या अकॅडमिक सेक्शनमधल्या मॅडमनी सांगितलं, आधी तिकडच्या विद्यापीठाची नोंदणी करून आणा, मग आम्ही इकडची करतो. आणि तिकडून मेल आला होता, की आधी इकडचा नोंदणी क्रमांक कळवा, मग आम्ही तिकडची करतो. मी तो मेल मोबाईलवर काढून मॅडमच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा वर सरकवून सगळा शांतपणे वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, बरोबरच लिहिलंय, त्यांचा नियम तसाच असेल. एवढं बोलून त्यांनी डबा उघडला, कारण जेवणाची सुट्टी झाली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? त्या खोटं बोलत नव्हत्या. तिकडचे खोटं बोलत नव्हते. खोटं कोणीच बोलत नव्हतं, हाच तर वैताग होता. कोणी एक जण खोटा असता तर त्याच्याशी भांडून तरी मोकळी झाले असते. मी स्कूटीला किक मारली आणि बोरसीला घरी जायचं सोडून उलट्या दिशेला निघाले. त्या दिवसांत माझं असंच चाललं होतं. एका जागी बसवतच नव्हतं मुळी. गाडी काढायची आणि फिरत राहायचं. वैशाली नगरला जायचं, तिथे काही काम नसायचं. मरोद्याला जायचं, आमच्या जुन्या क्वार्टरसमोरून चक्कर मारायची, तिथे आता दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असायचे, ते बघून परत फिरायचं. ऊन मी म्हणत असायचं आणि मी तोंडाला ओढणी गुंडाळून हिंडत असायची.

प्रकरण होतं जॉइंट पीएच.डी.चं. संगणकीय विज्ञानातली, म्हणजे धड गणित नाही, धड भौतिकी नाही, धड कॉम्प्युटर नाही, तिन्हींची खिचडी. भिलाईतली एक संस्था आणि युरोपातलं एक विद्यापीठ, दोघांनी मिळून काढलेला अभ्यासक्रम. एक गाइड इकडचे, एक तिकडचे. बराचसा काळ इथे काढायचा, एक वर्ष तिकडे जाऊन राहायचं, आणि शेवटी एकच पदवी, तिच्यावर दोघांचे शिक्के. कागदावर वाचलं तर तोंडाला पाणी सुटावं असं सगळं. फक्त जॉइंट म्हणजे नेमकं काय, हे ना इकडच्यांनी ठरवलं होतं ना तिकडच्यांनी. आम्ही पहिलीच तुकडी. एकाच वर्गावर दोन बाई पाठवल्या की हजेरी कोण घेणार यावरून जे होतं, ते आमचं होणार होतं.

माझा विषय रेल्वेच्या रुळांचा होता. भिलाईच्या स्टील प्लांटमधून लालबुंद रूळ बाहेर पडतो तेव्हा सरळ असतो, आणि थंड होताना वाकतो. त्याचं डोकं जाड, पाया पसरट, दोन्ही एका वेगाने थंड होत नाहीत. तो किती वाकेल, कुठे वाकेल, आतल्या आत कुठे ताण राहून जाईल, हे सगळं कॉम्प्युटरवर आधीच मांडून बघायचं, असं माझं काम. लहानपणापासून ज्या रुळांच्या गप्पा ऐकत जेवले, त्यांचं गणित करायला मिळणार म्हणून मी हरखून गेले होते. हो, हरखूनच. त्या वयात बायका मुलांच्या शाळेच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या असतात, आणि मी स्वतःच्या.

मी तोवर दुर्गजवळच्या एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होते. वर्गात पोरं कमी कमी होत गेली आणि एके दिवशी आमचा विभागच बंद झाला. घरी आई, बाबा आणि मी. बाबा प्लांटमधून इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधून रिटायर झालेले. गाव भंडारा जिल्ह्यातलं, पण तिथे आता फक्त लग्नाला आणि तेरवीला जाणं. बाहेर सगळं हिंदीत, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. माझी नोकरी बुडाली तेव्हा हा प्रवेश म्हणजे माझ्यासाठी एकच दोर उरला होता. यंदा हुकला तर पुढच्या वर्षी कोणी मला दारात उभं करणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलाखत झाली ती अर्धी टेबलावर, अर्धी पडद्यावर. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला इकडचे सर आणि दोन-तीन जण, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिकडच्या बाई, म्हणजे माझ्या होऊ घातलेल्या दुसऱ्या गाइड. गणिताचं विचारलं, ते मी घडाघडा सांगितलं. कोड उघडून दाखवायला लावला, दाखवला. मग त्या बाईंनी विचारलं, एम.टेक. होऊन इतकी वर्षं झाली, मधे काय? मी म्हटलं, शिकवत होते, आणि काही घरगुती कारणं. त्यांनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. इकडचे सर घड्याळ बघत होते, म्हणून ते तिथेच संपलं. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी आईने साखरेचा डबाच काढला आणि बाबा दिवसभर शेजाऱ्यांना सांगत फिरले. तिकडे एक वर्ष जायचंय, हे त्यांना सांगताना मात्र मी घाईघाईत सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. ते फक्त हं म्हणाले.

त्या हंचा अर्थ काय लावायचा, मला कळेना. कारण आमच्यात एक जुनं प्रकरण होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. एम.टेक. संपल्या संपल्या मला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला जागा मिळाली होती. बाबा नाही म्हणाले. कारण दिलं नाही, आवाजही चढवला नाही, नुसतं नाही. इथे कॉलेज आहे, इथे शिकव. मी कधी नव्हे ती गप्प बसले. आतून धुमसत राहिले, पण बसले. नंतर पाहुणे आले, पोहे झाले, कुठेच काही जमलं नाही, तेही मागे पडलं. मी बाबांना कावून, म्हणजे का म्हणून, विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एका घरात राहून, एका ताटात वाढून घेऊन, इतकी वर्षं आम्ही त्या एका गोष्टीच्या भोवतीने चालत आलो.

असो. निवड झाली आणि घोडं पेंड खायला लागलं. इकडची नोंदणी तिकडच्यावर अडलेली, तिकडची इकडच्यावर. मी सरांकडे गेले, सर म्हणाले हे सेक्शनचं काम. सेक्शनमधल्या मॅडम म्हणाल्या हे सरांनी लिहून द्यायला पाहिजे. सरांनी लिहून दिलं, तर मॅडम म्हणाल्या हे करारात बसत नाही. करार मागितला तर म्हणाल्या तो वर आहे. वर म्हणजे कुठे, ते सांगेनात. तिकडच्या बाईंना मेल केला तर चार दिवसांनी उत्तर यायचं, आणि तेही असं गोड की वाचून झाल्यावर कळायचं यात काहीच नाही. बरं, सत्र सुरू व्हायची तारीख ठरलेली. ती गेली की जागा गेली. सगळं भिजत घोंगडं पडलेलं आणि माझ्या एकटीचा जीव टांगणीला.

घरी बाबांचीही चुळबुळ. सकाळी पेपर वाचता वाचता विचारायचे, आलं का काही? संध्याकाळी चहा घेता घेता पुन्हा, आलं का? मी वैतागून म्हटलं, आलं की ढोल वाजवीन. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई मला म्हणायची, अगं त्यांना रिटायर झाल्यापासून दुसरं आहे काय, विचारू दे. पण मला ते विचारणं टोचायचं. मनात यायचं, ज्या माणसाने पहिली जागा घालवली त्याने आता दुसरीची चौकशी कशाला करावी. असं मनात यायचं आणि मग भाकरीवरचं तूपही गोड लागायचं नाही.

तर त्या तापलेल्या डोक्याने मी एक उद्योग केला. तो समजायला प्लांटच्या घरातली एक रीत सांगावी लागेल. प्लांटमध्ये मिल, म्हणजे रूळ लाटायचं यंत्र, थांबली की ती किती वेळ थांबली हे लिहून ठेवतात, त्याला डिले म्हणतात. आणि प्रत्येक डिले कोणाच्या तरी खात्यात टाकावा लागतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा ऑपरेशन. खातं रिकामं सोडायचं नाही. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये यावरून हमरीतुमरी व्हायची. मेकॅनिकलवाले म्हणणार मोटर बसली, हा इलेक्ट्रिकलचा. इलेक्ट्रिकलवाले म्हणणार तुमचं बेअरिंग जाम झालं म्हणून मोटर बसली, हा तुमचा. घसा फोडून भांडायचे आणि मग सगळे मिळून कँटीनमध्ये समोसे खायचे. त्यात कोणाला राग नसे. डिले कोणाचा ते ठरलं की दुरुस्ती कोणी करायची ते ठरायचं, एवढाच त्याचा उपयोग.

ही रीत बाबांनी घरी आणली होती. वरण उशिरा शिजलं की ताटावर बसून विचारायचे, हा डिले कोणाच्या खात्यात? आई म्हणायची, सिलिंडरवाल्याच्या. आम्ही नागपूरला जायला निघालो आणि गाडी हुकली, की स्टेशनच्या बाकावर बसून आधी खातं ठरायचं, मग पुढच्या गाडीची चौकशी. हसायचो आम्ही. पण एक होतं, बाबांच्या स्वतःच्या खात्यात कधी काही पडलं नाही. गाडी त्यांच्या दाढीमुळे हुकली असली तरी तो डिले रिक्षावाल्याचा. नोकरीतही त्यांचा तोच बाणा. आपल्या खात्यात दुसऱ्याचा एक मिनिट घेणार नाही, असं ते छाती काढून सांगायचे, आणि आई पाठमोरी होऊन म्हणायची, स्वतःचा भी घेत नाहीत.

मी केलं काय, तर असाच एक तक्ता तयार केला. वर मथळा, डिले अ‍ॅनालिसिस. खाली एकेक थांबा, त्याचं कारण आणि खातं. करार सापडत नाही, खातं सेक्शन. सरांची सही बाकी, खातं इकडचे गाइड. मेलला उत्तर नाही, खातं तिकडच्या गाइड. दोन्ही नियम एकमेकांवर अडलेले, खातं जॉइंट. आणि तो सगळ्यांना एकदम पाठवून दिला. मॅडमना, सरांना, तिकडच्या बाईंना, सगळ्यांना. देवाशपथ सांगते, मला वाटलं होतं की हे वाचून मंडळी म्हणतील, अच्छा, इथे अडलंय होय, आणि उठून कामाला लागतील. प्लांटमध्ये लागतात. विद्यापीठात कोणी कोणाचा डिले कोणाच्या खात्यात लिहून चारचौघांत पाठवत नाही, हे मला कोण सांगणार? माझ्या घरात माझ्याआधी विद्यापीठ कोणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं. खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत. हिंदीत म्हणाले, की त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर चार्जशीट काढली नव्हती, आणि तुम्ही तर अजून विद्यार्थीसुद्धा नाही. मी समजावून सांगायला गेले, की ही चार्जशीट नाही, आमच्याकडे असंच असतं. आमच्याकडे म्हणजे कुठे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिलमध्ये. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, तुम्ही जा. सेक्शनमधल्या मॅडमनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. खिडकीतून माझा चेहरा दिसला की त्या प्रिंटरकडे वळायच्या.

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणून रडले. बाबा दारात येऊन उभे राहिले, काय झालं विचारलं, मी तक्ता दाखवला. त्यांनी तो मोबाईलवर बोटाने वर-खाली करत सगळा वाचला. म्हणाले, बरोबर बनवला, फॉरमॅट चांगला आहे. मला हसावं का रडावं कळेना.

तिकडच्या बाईंचं उत्तर मात्र या वेळी चार दिवसांनी आलं नाही, दुसऱ्याच दिवशी आलं. लिहिलं होतं, तक्ता उपयोगी आहे, मला पहिल्यांदाच कळलं की काय अडलंय. आपण दोन्हीकडचे मिळून एक ऑनलाइन मीटिंग घेऊ. आणि शेवटी एक ओळ, की तक्ता अपुरा आहे, सगळ्यात मोठा डिले त्यात नाही. कुठला ते लिहिलं नव्हतं. मला वाचताक्षणी कळलं.

मीटिंग आमच्या दुपारी होती, त्यांच्या सकाळी. नेट पुढच्या खोलीतच नीट चालायचं, म्हणून दिवाणाजवळ टेबल ओढून मी लॅपटॉप मांडला. आईला सांगितलं, कुकर लावू नको. बाबांना सांगितलं, तुम्ही जरा मागे जाऊन बसा. ते हाव म्हणाले आणि दिवाणावरच बसून राहिले, भिंतीला टेकून, पेपर तोंडासमोर धरून. पुन्हा सांगायला वेळ नव्हता. पडद्यावर सर आले, तोंड आंबट. मॅडम आल्या, कॅमेरा बंद. बाई आल्या, हातात कॉफीचा मग.

आणि काय सांगू, ज्यासाठी मी उन्हातान्हात वणवण केली ते बोलता बोलता सुटलं. बाई म्हणाल्या, आपण दोघं एकाच दिवशी तात्पुरती नोंदणी करू, एकमेकांच्या नंबराची जागा रिकामी ठेवून, आणि संध्याकाळपर्यंत नंबर भरून टाकू. सर म्हणाले, चालेल. मॅडमनी विचारलं, हे कोण लिहून देणार? बाई म्हणाल्या, मी देते. झालं. एवढंच होतं ते. दोघांना एका खोलीत आणणारं कोणी नव्हतं, म्हणून ते इतके दिवस अडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण बाईंनी कॉफीचा मग बाजूला ठेवला होता.

त्या म्हणाल्या, आता राहिलेला डिले. एम.टेक. आणि हा अर्ज, यांच्या मधला. त्यांच्याकडे नियम होता, की मधे फार वर्षं गेली असतील तर समितीला कारण कळायला हवं, तरच सूट मिळते. घरगुती कारणं हे पुरेसं नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. मी हे उत्सुकतेपोटी विचारत नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे आलेले काही जण तिकडचं वर्ष अर्ध्यावर टाकून घरी परत गेले होते, आणि ती जागा वाया गेली होती. म्हणून समितीला एवढंच हवं आहे. शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या.

"ज्या कारणाने तुम्ही तेव्हा थांबलात, ते कारण अजून आहे का?"

ते कारण माझ्यापासून हातभर अंतरावर पेपर धरून बसलं होतं. मी तिकडे बघितलं नाही. खरं सांगावं तर बाप परक्या लोकांसमोर उघडा पडणार, आणि झाकावं तर जागा जाणार. इतकी वर्षं ज्याच्यावर मनातल्या मनात आरोप ठेवला, त्याचं नाव घ्यायची वेळ आली आणि माझी जीभ उचलेना. सर म्हणाले, बोला, वेळ जातोय. मी म्हटलं, ते कारण, म्हणजे तसं बघितलं तर.

पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबांना इंग्रजी येत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण प्लांटचं इंग्रजी त्यांना पाठ आहे, आणि या मीटिंगमध्ये डिले आणि कॉज हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. ते उठले. बनियनवर होते, खुंटीवरचा शर्ट काढून घातला, बटणं लावली, आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. मी लॅपटॉपचा पडदा मागे कलता केला. ते अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले,

"मॅडम, डिले माय अकाउंट. फुल डिले. कॉज रेक्टिफाइड."

बाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे वडील. मग मी सांगितलं. सगळं नाही, पण जे सांगायचं होतं ते. की तेव्हा यांनी जाऊ दिलं नव्हतं, आणि आता हे म्हणताहेत की तो डिले यांच्या खात्यात टाका. प्लांटमध्ये बिघाड दुरुस्त झाला की रेक्टिफाइड लिहितात, मग मिल सुरू करतात, हेही सांगितलं. बाईंनी बाबांना मान झुकवून थँक्यू म्हटलं. बाबांनी सवयीने सॅल्यूट केला आणि मागच्या अंगणात निघून गेले. सर म्हणाले, कारण लेखी द्या, दोन ओळींत, मी त्यावर माझी शिफारस लिहितो. त्यांचा आवाज बदललेला होता. मॅडमनी कॅमेरा केव्हा सुरू केला, मला कळलंच नाही.

दोन ओळी मी त्याच दुपारी लिहून पाठवल्या. समितीचं उत्तर यायला वेळ लागला आणि त्या दिवसांत मी आणि बाबा एकमेकांशी फक्त पाणी सुटलं का, मोटर लावली का, एवढंच बोललो. मी पुन्हा स्कूटी काढून फिरायला लागले होते. त्यांचं आलं का, आलं का विचारणं बंद झालं होतं, आणि मजा म्हणजे आता तेच मला खुपत होतं. एकदा मी भाजी घेऊन येत होते तर ते कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली एकटेच उभे दिसले. मी गाडी थांबवली. ते मागे बसले आणि आम्ही घरी आलो.

मग मेल आला. सूट मंजूर. इकडचा नंबर आणि तिकडचा नंबर, दोन्ही एकाच संध्याकाळी. तिकडे जायचा महिनाही ठरवून आलेला. आईने मला छातीशी धरलं आणि लगेच विचारलं, तिथे थंडी किती असते, लोकर आणायची का. मी मेल बाबांना वाचून दाखवला. ते चांगलं झालं म्हणाले आणि अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं.

मी त्यांच्या मागे गेले. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, असं झालं होतं मला. म्हटलं, "बाबा, तवा कावून नाही जाऊ देलं मले?"

त्यांनी पाणी घालणं थांबवलं नाही. "इतक्या वर्षांत तू विचारलं का कधी?"

"आता विचारून राहिले ना."

कुंडी भरून पाणी खाली वाहायला लागलं तरी त्यांच्या हातातला नळाचा पाइप तिथेच. "मले वाटलं, पोट्टी एकदा गेली त वापस येत नाही. मी गावाहून निघालो तवा माया बापाले मी भी सांगतलं होतं, येतो म्हणून. नाही गेलो. म्हणून तुले नाही म्हटलं. गलत केलं, मालूम आहे मले."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. गेला नाही खरं तर, पण त्याला धरायला काही उरलं नाही. मी त्यांच्या हातातला पाइप घेतला आणि नळ बंद केला. विचारलं, "अन आता? आता काय वाटते?"

"आता भी तेच वाटते," बाबा म्हणाले.

"मंग रेक्टिफाइड कावून सांगतलं त्या मॅडमले?"

त्यांनी ओले हात पायजम्याला पुसले. माझ्याकडे बघितलं, आणि मग वाहून गेलेल्या पाण्याकडे.

"मिल चालू कराची होती ना बाई."